डेस्कटॉपला नवीन लॅन कार्ड बसवताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कार्ड विकत घेण्याआधी प्रश्न २ आणि ३ जरूर वाचा. ज्यांना कार्ड हवं असं वाटतं, त्यांतल्या बऱ्याच जणांचं काम केबलची टोकं नीट क्रिम्प करून (कनेक्टर दाबून बसवून) भागतं.

१. पीसीला मागे लॅनचं पोर्ट आहेच. मग वेगळं कार्ड कशासाठी?

मदरबोर्डवरचं पोर्ट चालू असेल आणि त्याचा वेग तुम्हाला पुरत असेल तर कशासाठीच नाही. कार्ड लागतं ते तीन वेळी. पोर्ट मेलं असेल (प्रश्न ४). पोर्ट इतकं जुनं असेल की ते १०० एमबीपीएसच्या पुढे जातच नाही. किंवा घरात, ऑफिसात, स्टुडिओत मोठ्या फायली एका मशीनवरून दुसऱ्यावर सतत हलवाव्या लागतात आणि गिगाबिटही (१००० एमबीपीएस) अपुरं पडतं. तिसऱ्या गटात लग्नांचे व्हिडिओ एडिट करणारे, फोटोग्राफर आणि घरी नॅस (नेटवर्कवरून सगळ्यांना वापरता येणारी डिस्कची पेटी) ठेवणारे लोक येतात.

२. माझा प्लॅन ३०० एमबीपीएसचा आहे. स्पीड टेस्ट ९४च्या वर जातच नाही. कार्ड खराब आहे का?

९४ किंवा ९५ हा आकडा ओळखीचा आहे. १०० एमबीपीएसच्या लिंकवर, डेटासोबत जाणाऱ्या पत्ते वगैरेंचा वरचा हिशेब वजा जाता, हातात एवढंच पडतं. म्हणजे तुमच्या पीसीपासून राउटरपर्यंत कुठेतरी लिंक १०० वर अडकली आहे. प्लॅन ३०० चा असो की ५०० चा, आकडा तोच दिसेल.

बहुतेक वेळा दोष केबलचा असतो. १०० एमबीपीएसला आठपैकी चारच तारा लागतात : केशरी आणि हिरवी जोडी, पिन १, २, ३ आणि ६. गिगाबिटला आठही तारा लागतात. नेटवाला घाईत असला की निळी आणि तपकिरी जोडी कापून मोकळा होतो, किंवा त्याच केबलमधून शेजारच्या फ्लॅटचं कनेक्शन काढतो. काही वेळा आठही तारा लावलेल्या असतात, पण एक पिन नीट दाबली गेलेली नसते. नेट व्यवस्थित चालतं, त्यामुळे कोणाला शंका येत नाही. कनेक्टर उजेडात धरा, आठ रंग मोजा, आणि दुकानातून आणलेली तयार पॅच केबल थेट राउटरपासून पीसीपर्यंत लावून पाहा. आकडा एकदम वर गेला तर कार्डाचे पैसे वाचले.

दुसरा संशयित म्हणजे राउटर. 'एसी१२००' असं खोक्यावर मोठ्या अक्षरात छापलेल्या कितीतरी स्वस्त राउटरांची लॅन पोर्टं १०० एमबीपीएसचीच असतात. वायफायवर फोनला २५० मिळतात आणि वायरवर पीसीला ९४, ही उलटी गंगा दिसली की राउटरची पोर्टं तपासा.

दोन्ही ठीक असेल तरच पीसीच्या पोर्टाकडे वळायचं.

३. माझं पोर्ट किती वेगाचं आहे ते कसं पाहू?

दोन वेगळ्या गोष्टी बघायच्या आहेत. लिंक सध्या कितीवर जुळली आहे ते विंडोजच्या सेटिंग्जमध्ये, नेटवर्कच्या भागात, इथरनेटवर क्लिक केलं की दिसतं : १००/१००, १०००/१००० किंवा २५००/२५००. पोर्टाची मुळातली ताकद पाहायची असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क ॲडॅप्टरचं नाव बघा. नावात 'जीबीई' किंवा 'गिगाबिट' असेल तर १ गिगाबिट, '२.५जीबीई' असेल तर अडीच. नावात 'एफई' किंवा 'फास्ट इथरनेट' आलं तर ते १०० वालं आहे.

लिनक्सवर 'इथटूल' ही कमांड दोन्ही गोष्टी एका झटक्यात सांगते.

पोर्ट गिगाबिटचं आणि लिंक १०० वर, असं दिसलं तर परत प्रश्न २.

४. वळवाच्या पावसात जवळच वीज पडली आणि लॅन पोर्ट गेलं. पीसी बाकी चालतोय. कार्ड टाकून भागेल?

भागेल, आणि मदरबोर्ड बदलण्यापेक्षा कितीतरी स्वस्तात. दर वर्षी मे-जूनमध्ये सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हा. गच्चीवरून, विजेच्या खांबावरून किंवा दोन इमारतींमधून हवेत ओढलेली तांब्याची केबल असेल, तर जवळ पडलेल्या विजेमुळे तिच्यात प्रचंड दाब निर्माण होतो आणि तो थेट पोर्टात शिरतो. पोर्टाच्या आत छोटे ट्रान्सफॉर्मर असतात. साधारण १५०० व्होल्टपर्यंतचा फरक ते अडवतात, विजेपुढे त्यांचं काही चालत नाही.

आधी राउटरचं पोर्ट जिवंत आहे का ते लॅपटॉप लावून बघा. दोन्ही टोकं एकाच वेळी मेलेली अनेकदा आढळतात, आणि मग लोक नवीन कार्डाला दोष देतात. कार्ड बसवल्यावर बायॉसमध्ये (पीसी सुरू होतानाच्या मूळ सेटिंग्जमध्ये) जाऊन 'ऑनबोर्ड लॅन' बंद करा. मेलेली चिप सुरू होताना पीसीला अडवून धरते किंवा विंडोजमध्ये मधूनच प्रकट होऊन गोंधळ घालते. फक्त नेटपुरतं १ गिगाबिटचं साधं कार्ड पुरतं, ते काही शे रुपयांत येतं.

हेच परत होऊ नये म्हणून खरा उपाय म्हणजे घरापर्यंत फायबर. काचेच्या तंतूतून वीज वाहत नाही. तरीही फायबरच्या डबीचा ॲडॅप्टर विजेच्या बोर्डातून घाव आत आणू शकतोच. इथरनेटचे सर्ज प्रोटेक्टर मिळतात, पण अर्थिंग नसलेल्या घरात ते लावून फारसा उपयोग नाही. गडगडाट सुरू झाला की केबल आणि प्लग दोन्ही काढून ठेवणं अजूनही सगळ्यांत भरवशाचं.

५. १ गिगाबिट, २.५ की १०? काय घेऊ?

फक्त इंटरनेट वापरत असाल आणि प्लॅन १ जीबीपीएसपर्यंतचा असेल तर १ गिगाबिट पुरे. घरातल्या घरात फायली हलवायच्या असतील तर २.५. पैशाच्या मानाने सगळ्यात जास्त फरक त्यातच जाणवतो, आणि जुनी केबल बहुधा तशीच चालते (प्रश्न ९). १० गिगाबिट ज्यांना लागतं त्यांना ते लागतं हे आधीच माहीत असतं. अनेकांकडून एकाच वेळी ४केचं फुटेज एडिट होत असेल, दोन्हीकडे एनव्हीएमई (सगळ्यात वेगवान प्रकारची) एसएसडी असेल, तर ठीक. नाहीतर महागडा स्विच (अनेक मशीनच्या केबल एकत्र जोडणारी पेटी) आणि गरम होणारं कार्ड पदरात पडतं.

थोडा इतिहास यात कामाचा आहे. तांब्याच्या तारेवरच्या गिगाबिटचं मानक १९९९चं, १० गिगाबिटचं २००६चं. मधले २.५ आणि ५ त्या दोन्हींनंतर, २०१६ साली आले. त्यामुळे जुन्या १० गिगाबिट उपकरणांना अडीचची भाषा येत नाही. ही अडचण प्रश्न १५ मध्ये पुन्हा भेटेल.

६. प्लॅन १ जीबीपीएसचा आहे, स्पीड टेस्ट ९४० दाखवते. २.५ चं कार्ड टाकलं तर पूर्ण १००० मिळतील?

नेटवाल्याने प्लॅनला थोडी वरची सूट ठेवली असेल, आणि त्याच्या डबीला व मधल्या राउटरला २.५ ची पोर्टं असतील, तर मिळतील. पण त्या साठ एमबीपीएससाठी पैसे घालवू नका. पान उघडताना, सिनेमा बघताना फरक शून्य.

७. कार्ड कुठल्या स्लॉटमध्ये बसतं? माझा पीसी जुना आहे.

आजची कार्डं पीसीआय एक्सप्रेसची असतात. १ आणि २.५ गिगाबिटची कार्डं सगळ्यात छोट्या, 'एक्स१' स्लॉटमध्ये जातात. तो मोकळा नसेल तर लांब 'एक्स१६' स्लॉटमध्येही चालतात. छोटं कार्ड मोठ्या स्लॉटात बिनधास्त लावा. अडचण बहुधा ग्राफिक्स कार्डाची असते : दोन स्लॉट जाडीचं कार्ड नेमकं शेजारच्या एक्स१ वर पसरून बसतं. विकत घेण्याआधी कॅबिनेट उघडून बघा.

स्लॉटची पिढी कधी आडवी येते? पहिल्या पिढीच्या एक्स१ स्लॉटमधून एका दिशेने २५० एमबी प्रति सेकंदच जातात (एमबी म्हणजे मेगाबाइट; एका बाइटचे आठ बिट, म्हणून हे २ गिगाबिट झाले). जी३१, जी४१ चिपसेटचे बोर्ड याच पिढीचे, आणि ते अजून कितीतरी दुकानांच्या गल्ल्यावर चालू आहेत. तिथे २.५ चं कार्ड चालतं, पण पूर्ण वेग देत नाही. एच६१ पासून पुढच्या बोर्डांचे एक्स१ स्लॉट दुसऱ्या पिढीचे किंवा नवे आहेत. तिथे ५०० एमबी मिळतात आणि २.५ आरामात बसतं. १० गिगाबिटला तिसऱ्या पिढीचा एक्स१ सुद्धा पुरत नाही, एक्स४ लागतो. अपवाद चौथ्या पिढीवर चालणाऱ्या नव्या कार्डांचा.

फक्त पांढरे, लांब, जुने पीसीआय स्लॉट असलेला बोर्ड असेल तर त्यासाठीही गिगाबिट कार्डं मिळतात. तो स्लॉट मात्र सगळ्या कार्डांत मिळून १३३ एमबी प्रति सेकंदच देतो.

८. ऑफिसमधून निघालेला स्लिम डेस्कटॉप घेतलाय. कार्ड आत जातं, पण मागची पट्टी बसत नाही.

तुम्हाला 'लो प्रोफाइल' पट्टी लागेल. चांगल्या कार्डाच्या खोक्यात उंच आणि बुटकी अशा दोन्ही पट्ट्या असतात. दोन स्क्रू काढून बदलायच्या. नसेल तर दुकानात मागा. पट्टी काढून कार्ड नुसतं स्लॉटमध्ये खोचून ठेवणारे आहेत, पण केबल ओढली गेली की कार्ड तिरकं होतं, आणि चालू मशीनमध्ये ते झालं तर बोर्ड जाऊ शकतो.

पुस्तकाएवढा मिनी पीसी किंवा ऑल-इन-वन असेल तर स्लॉटच नसतो. त्याला यूएसबी ३ वर चालणारा २.५ चा ॲडॅप्टर लावा. निळ्या पोर्टात लावायचा. यूएसबी २ मध्ये तो गिगाबिटही देणार नाही.

९. आमच्या भिंतीतली केबल कॅट५ई आहे. ती बदलावी लागेल का?

२.५ साठी नाही. कॅट५ई वर २.५ गिगाबिट १०० मीटरपर्यंत चालावं असंच मानक आहे. ५ गिगाबिटला कॅट६ घ्या. १० गिगाबिट कॅट६ वर साधारण ५५ मीटरपर्यंत जातं, त्यापुढे कॅट६ए. फ्लॅटमध्ये एवढं अंतर भरत नाही.

हे सगळं खऱ्या तांब्याच्या केबलबद्दल. बाजारात ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली केबल भरपूर आहे, आणि तिच्यावरही कॅट६ छापलेलं असतं. एक तार ब्लेडने खरवडा. आत चांदीसारखा पांढरा रंग दिसला तर ती ॲल्युमिनियमची. ती लवकर तुटते, क्रिम्पजवळ सैल पडते आणि लांब अंतरावर वेग टिकवत नाही. भिंतीत एकदा गाडली की भोगावं लागतं, तेव्हा खोक्याचं वजन आणि भाव बघून घ्या. संशय येण्याइतकी स्वस्त असेल तर नकोच. 'कॅट७' छापलेल्या चपट्या तयार केबलसाठी जास्तीचे पैसे देऊ नका, आपल्या कामाला कॅट६ पुरते.

टोक स्वतः बनवणार असाल तर दोन्हीकडे हाच क्रम : पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी.

१०. रिअलटेक घेऊ की इंटेल?

२.५ मध्ये रिअलटेकचं आरटीएल८१२५ डोळे झाकून घ्या. 'रिअलटेक म्हणजे टाकाऊ' हे मत खूप जुनं झालं. उलट इंटेलच्याच आय२२५ चिपच्या पहिल्या आवृत्त्यांत २.५ वर पॅकेट गळण्याचा दोष होता आणि कंपनीला चिप सुधारावी लागली. नंतरचं आय२२६ घेणार असाल तर ठीक. पीएफसेन्ससारखी फायरवॉल बसवायची असेल तर इंटेलला थोडं झुकतं माप द्या.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा ऑनलाइन 'इंटेल चिप, चार पोर्ट' असं लिहिलेली आश्चर्यकारक स्वस्त कार्डं दिसतात. बनावट इंटेल कार्डं हा जुना धंदा आहे. चालतात, पण कधीपर्यंत ते कोणी सांगत नाही.

११. बसवायचं कसं? स्वतः जमेल का?

स्क्रू ड्रायव्हर धरता येत असेल तर जमेल. पीसी बंद करून मागची वायर काढा, मग पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरा म्हणजे एसएमपीएसमधला उरलेला चार्ज जाईल. कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवा. स्लॉटसमोरची पट्टी काढा, कार्ड सरळ खाली दाबा, सोनेरी कडा आत गेली की स्क्रू घट्ट करा. धूळ उडवायची असेल तर आत्ताच उडवा, परत कोण उघडणार.

१२. कार्ड बसवलं पण ड्रायव्हर नाही, आणि ड्रायव्हर घ्यायला नेट नाही.

ॲन्ड्रॉइड फोन यूएसबी केबलने जोडा आणि फोनच्या सेटिंगमध्ये 'यूएसबी टेदरिंग' चालू करा. विंडोज त्याला नेटवर्क म्हणून ओळखतं, वेगळा ड्रायव्हर लागत नाही. मग चिप बनवणाऱ्याच्या साइटवरून ड्रायव्हर उतरवा. कार्डासोबत आलेली छोटी सीडी फेकून द्या. सीडी ड्राइव्ह आहे कोणाकडे?

विंडोज १० च्या जुन्या आवृत्त्यांना आणि विंडोज ११ च्या इन्स्टॉलरला २.५ ची कार्डं बऱ्याचदा ओळखता येत नाहीत. लिनक्सवाल्यांना कर्नल ५.४ पासून आरटीएल८१२५ आपोआप चालतं.

१३. नवीन कार्डावर दिवा लागतो, लिंक दिसते, पण नेट येत नाही. जुन्या पोर्टावर चालत होतं!

नेटची केबल राउटरशिवाय थेट पीसीत येते का? मग हा मॅक बाइंडिंगचा प्रकार. स्थानिक नेटवाले एक खातं एकाच यंत्राला बांधून ठेवतात, आणि ओळख पटवतात ती कार्डाच्या मॅक ॲड्रेसवरून (प्रत्येक कार्डाचा स्वतःचा ओळख क्रमांक). नवीन कार्डाचा पत्ता नवीन, म्हणून त्यांच्या सर्व्हरला तुम्ही परके.

सरळ मार्ग : नेटवाल्याला फोन करून 'मॅक रिसेट करा' एवढंच सांगा. हे शब्द त्यांना लगेच कळतात. रविवारी संध्याकाळी कोणी फोन उचलत नसेल तर जुना पत्ता नव्या कार्डावर चढवा : डिव्हाइस मॅनेजर, कार्डाची प्रॉपर्टीज, 'ॲडव्हान्स्ड' टॅब, 'नेटवर्क ॲड्रेस'. तिथे जुन्या पोर्टाची बारा अक्षरं रेघा न देता भरा. जुनं पोर्ट मग बंदच ठेवा, एकाच नेटवर्कवर दोन सारखे पत्ते नकोत.

युजरनेम-पासवर्ड टाकून डायल करत असाल तर आणखी एक जागा तपासा. जुनं 'ब्रॉडबँड कनेक्शन' जुन्याच पोर्टाला चिकटलेलं असतं. ते पुसून नवीन बनवणं सोपं.

मधे राउटर असेल तर यातलं काहीच लागू नाही, नेटवाल्याला फक्त राउटर दिसतो. तेव्हा ड्रायव्हरकडे (प्रश्न १२) आणि हाताने भरलेल्या आयपीकडे बघा. जुन्या पोर्टाला दिलेला स्थिर आयपी नव्या कार्डाला आपोआप मिळत नाही.

१४. राउटर गिगाबिटचाच आहे. २.५ चं कार्ड वाया जाईल का?

राउटरला जोडलं तर लिंक १ गिगाबिटवरच जुळेल, बिघडणार काही नाही. वेग हवा असेल तर पीसी आणि नॅसच्या मधे एक छोटा २.५ चा स्विच टाका आणि राउटरला त्याच स्विचला जोडा. इंटरनेट गिगाबिटने येईल, आतली वाहतूक अडीचने होईल.

दोनच मशीन असतील तर स्विचही नको. दोन्हीकडे कार्ड टाकून एका साध्या केबलने थेट जोडा. क्रॉस केबलचे दिवस गिगाबिटबरोबर संपले. एकाला आयपी पत्ता १९२.१६८.५०.१, दुसऱ्याला १९२.१६८.५०.२, मास्क २५५.२५५.२५५.०, गेटवे मोकळा. राउटरचं कनेक्शन जुन्या पोर्टावर तसंच राहू द्या. मग फायली मागताना समोरच्याचा हाच पत्ता टाइप करा, नावाने मागितल्यास विंडोज जुन्या वाटेने जाऊ शकतं.

आणि नाही, दोन पोर्टांना दोन केबल लावल्या म्हणून इंटरनेट दुप्पट होत नाही.

१५. सर्व्हरमधून निघालेली १० गिगाबिटची कार्डं स्वस्तात मिळतायत. घेऊ का?

हौस असेल तर घ्या, पण चार गोष्टी बघून. इंटेल एक्स५४० तांब्याच्या केबलवर चालतं, पण त्याला १००, १००० आणि १०,००० एवढेच वेग येतात. २.५ च्या स्विचला लावलं की ते १ गिगाबिटवर घसरतं आणि माणूस डोकं धरून बसतो. सगळे वेग हवे असतील तर ॲक्वान्शियाची एक्यूसी१०७ चिप असलेलं कार्ड शोधा. एक्स५२० ला आरजे४५ (नेहमीच्या लॅन केबलचं) पोर्टच नसतं, एसएफपी प्लस (मॉड्यूल खोचायचं) असतं. त्यात एकतर दोन्ही टोकांना मॉड्यूल असलेली जाड तांब्याची डॅक केबल लावायची, नाहीतर फायबर. शिवाय ते मूळ सेटिंगमध्ये परकी मॉड्यूलं नाकारतं. दोन पीसी शेजारी शेजारी असतील तर मात्र दोन एक्स५२० आणि एक डॅक केबल हा मला आवडणारा जुगाड आहे.

तिसरं, उष्णता. ही कार्डं सर्व्हरच्या घोंघावणाऱ्या पंख्यांच्या वाऱ्यासाठी बनवलेली. शांत कॅबिनेटमध्ये हीटसिंकला हात लावणं नकोसं होतं. समोर छोटा पंखा बांधा. चौथं, स्लॉट : एक्स८ चं कार्ड दुसऱ्या लांब स्लॉटात टाकता, पण तो आतून बऱ्याचदा एक्स४ असतो. दुसऱ्या पिढीचा असला तरी एका पोर्टाला पुरतो. एक्स१ नाही.

१६. दोन्हीकडे २.५ चं कार्ड आहे, लिंक २५०० दाखवते, तरी कॉपी ११०च्या आसपासच. का?

११० ते ११५ एमबी प्रति सेकंद हा गिगाबिटचा आकडा, म्हणजे वाहतूक कुठल्यातरी गिगाबिट वाटेनेच जातेय. प्रश्न १४ मधला पत्त्याचा मुद्दा तपासा. आकडा १५०-२०० मध्ये वरखाली होत असेल तर हार्ड डिस्कची ती मर्यादा आहे, कार्ड निर्दोष. दोन्ही बाजूंना एसएसडी असेल तर २८० च्या आसपास दिसायला हवं. डिस्कला वगळून फक्त तार मोजायची असेल तर दोन्ही मशीनवर 'आयपर्फ३' चालवा. २.३५ जीबीपीएस आलं की नेटवर्कचं काम झालं. हजारो छोट्या फायली असतील तर मात्र कुठलंही कार्ड चमत्कार करत नाही. त्यांची आधी झिप करा.

जम्बो फ्रेम (नेहमीपेक्षा मोठी डेटाची पाकिटं) चालू करायला सांगणारे भेटतील. वाटेतल्या प्रत्येक उपकरणावर ती करावी लागते, एकावर राहिली की अर्ध्या साइट उघडत नाहीत. २.५ वर त्यातून मिळतं फार थोडं.

१७. लिंक मधूनच तुटते आणि दोन-चार सेकंदांनी परत येते.

कार्डाच्या 'ॲडव्हान्स्ड' टॅबमध्ये 'एनर्जी एफिशियंट इथरनेट' आणि 'ग्रीन इथरनेट' बंद करा. थांबलं नाही तर वेग हाताने १ गिगाबिटवर ठेवून एक दिवस बघा. एकवर स्थिर आणि अडीचवर तुटतंय, तर केबल बदला (प्रश्न ९). चिप आय२२५ असेल तर प्रश्न १०.

१८. गेममध्ये पिंग कमी होईल?

वायफायवरून वायरवर येत असाल तर होईल, आणि पिंगची वरखाली उडी तर नक्कीच कमी होईल. चांगल्या चालत्या गिगाबिट पोर्टावरून २.५ वर गेल्याने नाही. 'गेमिंग' लिहिलेलं लाल कार्ड घेतलं तरी नाही.

१९. कार्ड बदलल्यावर एक इंजिनिअरिंग सॉफ्टवेअर 'लायसन्स सापडत नाही' म्हणतंय. संबंध आहे का?

आहे. फ्लेक्सएलएमसारख्या व्यवस्थेवर चालणारी लायसन्सं बऱ्याचदा लॅनच्या मॅक ॲड्रेसला बांधलेली असतात. जुनं पोर्ट जिवंत असेल तर बायॉसमध्ये ते चालूच ठेवा. केबल नसली तरी लायसन्सला पत्ता दिसला की बहुतेक वेळा पुरतं. पोर्ट मेलं असेल तर विक्रेत्याकडून नव्या पत्त्यावर लायसन्स फाइल करून घ्या. प्रश्न १३ मधली पत्ता चढवण्याची युक्ती इथेही चालते असं लोक सांगतात, पण ती बहुधा लायसन्सच्या करारात बसत नाही. ऑफिसच्या मशीनवर तरी तसं करू नका.